तान्ह्या बाळाला युद्ध कळतं का? आणि त्याच्या आईचं काय होतं?

मृदगंधा (धागाकर्ती)

परवा आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. बॉम्बहल्ल्यानंतर ढिगाऱ्यातून बाहेर काढलेली बाई, अंगभर धूळ, आणि छातीशी दोन-तीन महिन्यांचं बाळ. त्यावर एक काका म्हणाले, "बरं झालं तान्हं आहे, त्याला काही कळत नाही, मोठी पोरं मात्र जन्मभर विसरणार नाहीत." लगेच पाच-सहा जणांनी दुजोरा दिला. मला ते पटेना, पण उत्तर काय द्यायचं तेही सुचेना.

म्हणून इथे विचारते. जे पुढे आठवणारच नाही त्याचा बाळावर परिणाम होतो का? आईच्या मनाला बसलेला धक्का बाळापर्यंत पोचतो का, आणि पोचत असेल तर कसा? आणि मुख्य म्हणजे अशा बाईसाठी नक्की काय करता येतं? कुठल्या युद्धात कोणाची बाजू खरी यावर भांडायला दुसरे धागे आहेत, इथे ते नको प्लीज.

वाटसरू

तुमच्या काकांचं म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. आपल्यापैकी कुणाला दीड वर्षाचे असतानाचं काही आठवतं? बाळाला दूध, ऊब आणि झोप मिळाली की झालं. खरा त्रास आईला होतो, तिच्याकडे लक्ष द्यावं हे मान्य.

निशाचर

बाळाला दूध, ऊब, झोप. आणि हे तिन्ही युद्धात मिळतं म्हणता?

डॉ_कावेरी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, थोडं सविस्तर लिहिते.

वाटसरू, घटना आठवणं आणि तिचा परिणाम राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळाला "त्या रात्री स्फोट झाला" असं पुढे सांगता येणार नाही, पण मोठा आवाज झाला की सगळं अंग आक्रसणं, झोप लागता लागता दचकणं, दूध नीट न ओढणं, आईपासून क्षणभरही दूर न होणं हे सगळं शरीर शिकतं. आणि बाळाची भीती शमवायची यंत्रणा जन्मतः तयार नसते, ती आईच्या अंगावर, आवाजात, चेहऱ्यात असते. आई (किंवा जे कोणी रोज सांभाळतं ते) हाच बाळाचा परिसर.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाचा १९७०च्या दशकातला एक प्रयोग आहे. आई बाळाशी छान खेळते, मग दोनेक मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेवते, ना हसू ना बोलणं. बाळ आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, आवाज काढतं, कशाचाच उपयोग होत नाही म्हटल्यावर मान फिरवतं आणि रडायला लागतं. काही महिन्यांचं बाळ बरं का! तिथे दोन मिनिटांनी आई परत हसते आणि गाडी रुळावर येते. आता जी बाई घर गमावून, माणसं गमावून आठवडेच्या आठवडे सुन्न बसली आहे तिचा चेहरा कसा असेल? तिचं बाळावर प्रेम नसतं असं अजिबात नाही. तिच्यात उत्तर द्यायची ताकदच उरलेली नसते.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा अंदाज आहे की संघर्षग्रस्त भागात राहणाऱ्या साधारण २२ टक्के लोकांना नैराश्य, चिंताविकार, आघातोत्तर तणाव वगैरेंपैकी काहीतरी असतं. म्हणजे पाचात एक. आणि शांततेच्या काळातही बाळंतपणानंतरचं नैराश्य काही दुर्मिळ नाही, ते वेगळंच.

स्वप्नाली_

कसला सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

इतिहासप्रेमी

दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण आठवलं. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन मनोविश्लेषकांनी हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी युद्धकालीन पाळणाघरं चालवली. १९३९च्या सप्टेंबरात सरकारने काही दिवसांत साधारण १५ लाख लोक शहरांतून हलवले होते, त्यात बहुसंख्य मुलं, आणि त्यातली बरीचशी आईवडिलांशिवाय. हेतू चांगलाच होता, मुलं बॉम्बपासून वाचावीत. पण या दोघींचं निरीक्षण असं की आई जवळ असेल तर लहान मुलं हवाई हल्लेसुद्धा बऱ्यापैकी सोसतात, खरी कोसळतात ती ताटातुटीने. मग त्यांनी पाळणाघरातली मुलं चार-पाच जणांच्या छोट्या 'कुटुंबांत' वाटली आणि प्रत्येक कुटुंबाला एकच सांभाळणारी बाई ठरवून दिली. आई म्हणून कोणीही नको, माझी एक ठरलेली हवी, असं मुलांचं म्हणणं होतं आणि या बायकांनी ते ऐकलं.

त्यानंतर जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली बेघर झालेल्या मुलांवर अहवाल लिहिला, त्यातही मुख्य मुद्दा हाच, की सातत्याने जवळ असणारं आपलं माणूस.

अनघा_व

मला इथे थोडा राग येतोय, स्पष्टच लिहिते. आई शांत तर बाळ शांत, आईचा चेहरा हसरा हवा, आई जवळ हवी. म्हणजे डोक्यावर बॉम्ब पडत असताना सुद्धा तिनेच हसरं राहायचं? बॉम्ब टाकणारा राहिला बाजूला आणि बाळ दचकलं तर आई कमी पडली. ज्या बाईचा नवरा बेपत्ता आहे, अंगातलं रक्त अजून थांबलेलं नाही, टाके ओले आहेत, तिला आपण इथे बसून सांगणार की बाळाशी डोळ्यात बघून बोल?

मृदगंधा

अनघा, तुझा मुद्दा अगदी बरोबर आहे गं. प्रश्न विचारताना मलाही तीच धाकधूक होती.

डॉ_कावेरी

अनघाताई, शंभर टक्के. "आई शांत असेल तर" या वाक्याचं पुढचं अर्धं वाक्य लोक गाळतात, की आईला शांत राहता येईल असं काहीतरी आजूबाजूच्यांनी करायचं असतं. तिला झोप, जेवण, औषध, सुरक्षित जागा, आणि तासभर बाळ धरायला कोणीतरी. आईला उपदेश करणं ही सर्वात स्वस्त मदत आहे म्हणून सगळे तीच करतात.

सदू_पाटील

आमच्या घरी बाळ रडलं की चार जण धावतात आणि पाचवा बसल्या जागेवरून सल्ला देतो :) तिकडे त्या बाईला तो पाचवासुद्धा नाही. वाईट वाटलं वाचून.

रेवा_

मी परिचारिका आहे. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये काही काळ काम केलंय म्हणून लिहिते. ऑगस्ट २०१७ पासून काही महिन्यांत सात लाखांहून जास्त लोक म्यानमारमधून तिथे आले. युनिसेफने २०१८च्या मे महिन्यात सांगितलं होतं की छावण्यांत रोज साधारण ६० बाळं जन्मताहेत. टेकड्यांच्या उतारावर बांबू आणि ताडपत्रीची खोपटी, पाऊस लागला की सगळा चिखल, आणि त्यात बाळंतिणी.

नवीन आलेले स्वयंसेवक एका गोष्टीत हमखास फसतात. रडणाऱ्या बाळाकडे सगळे धावतात आणि गप्प बाळाला म्हणतात किती शहाणं आहे. मला एक बाळ आठवतंय, पाचेक महिन्यांचं असेल. वजन करताना काट्याच्या गार ताटलीत ठेवलं तरी रडलं नाही. साधारण त्या वयाची बाळं ताटलीत ठेवली की हातपाय झाडतात, आईला शोधतात. याने कोणालाच शोधलं नाही, छताच्या ताडपत्रीकडे बघत राहिलं. आई दोन हातांच्या अंतरावर बसली होती, तीही तिकडेच कुठेतरी बघत होती. वजन फार कमी नव्हतं, त्यामुळे नुसत्या तक्त्यावर हे बाळ 'ठीक' दिसलं असतं.

तिथे बायकांसाठी वेगळ्या जागा होत्या, त्यांना तिथल्या बायका शांतीखाना म्हणत. त्या बाईला तिथे नेलं. पहिले कित्येक दिवस ती काही बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. एक म्हातारी दाई होती तिच्याच लोकांतली, ती रोज बाळाला मांडीवर घेऊन तेल चोळायची आणि त्याच्याशी काहीबाही बोलत राहायची, आई शेजारी आडवी व्हायची. नुसती झोपायची. मग कधीतरी बाळ दाईकडे बघून हसलं आणि आईने मान वळवून बघितलं. उपचार वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही, पण सुरुवात तिथून झाली. जाताना मागे वळून बघायला जागा नाही अशा प्रवासात तिने काय पाहिलं होतं ते तिने पुढे दाईला सांगितलं, आम्हाला नाही, आणि तेच योग्य होतं.

स्वप्नाली_

रेवा, डोळ्यात पाणी आलं.

निशाचर

गप्प बाळाचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद.

वाटसरू

माझं मत बरंच हललंय हे मान्य करतो. तरी एक शंका. गरोदरपणातल्या परिणामांबद्दल नेहमी हॉलंडच्या उपासमारीचं उदाहरण देतात, १९४४-४५चा हिवाळा, नाझींनी पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला, लोकांना दिवसाला हजार कॅलरीसुद्धा मिळत नव्हत्या, आणि त्या काळात गर्भ राहिलेल्या मुलांमध्ये पुढे मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) प्रमाण साधारण दुप्पट आढळलं. पण ती भूक झाली. त्यावरून मनावरच्या ताणाबद्दल निष्कर्ष कसा काढायचा?

डॉ_कावेरी

चांगली शंका आहे. भूक, थंडी, संसर्ग आणि भीती युद्धात एकत्रच येतात, वेगळं काढणं अवघड. म्हणूनच १९६७च्या अरब-इस्रायल युद्धाचा अभ्यास महत्त्वाचा. ते युद्ध सहा दिवसांत संपलं, उपासमारीचा प्रश्न आला नाही. जेरुसलेममध्ये जन्मलेल्या मुलांच्या नोंदी पुढे कित्येक वर्षं तपासल्या, २००८ साली ते प्रसिद्ध झालं. त्या जूनमध्ये ज्यांच्या आया गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात होत्या त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जास्त निघालं, मुलींमध्ये ते जास्त ठळक होतं.

स्वप्नाली_

डॉक्टर, मी स्वतः सहा महिन्यांची गरोदर आहे. युद्धाशी काही संबंध नाही पण घरात एक मृत्यू झाला, गेले दोन महिने खूप ताणात गेले. हे वाचून पोटात गोळा आला.

डॉ_कावेरी

स्वप्नाली, आधी शांतपणे हे वाचा. "प्रमाण जास्त" म्हणजे शंभरात एखाद्याला होणारा आजार शंभरात दोघांना होतो अशा पातळीवरची गोष्ट, त्या गटातली बहुतेक सगळी मुलं निरोगीच मोठी झाली. समूहाचा आकडा एका बाळाचं भविष्य सांगत नाही. आणि जन्मानंतर मिळणारी माया, झोप, आधार यांनी खूप काही भरून निघतं, बाळाचा मेंदू त्या बाबतीत फार उदार असतो. तुमच्या डॉक्टरांना त्या मृत्यूबद्दल आणि झोपेबद्दल नक्की सांगा, लपवू नका. काही वाटलं तर मला व्यनि करा.

अनघा_व

स्वप्नाली, काळजी घे गं. रात्री हे असलं वाचू नकोस.

तुळस

मला दुधाबद्दल विचारायचंय. धक्क्याने आईचं दूध आटतं हे खरं का? आमच्या मंडळाने मागे एका ठिकाणी पाठवायला दूध पावडरचे डबे गोळा करायचं ठरवलं होतं.

रेवा_

तुळसताई, छावणीत हे रोज ऐकायला मिळायचं. दूध तयार होणं आणि दूध उतरणं या वेगळ्या गोष्टी. खूप भीती, वेदना, ताण असला की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक नीट काम करत नाही आणि पान्हा लगेच फुटत नाही. बाळ ओढतं, चिडतं, आईला वाटतं आटलं. पण तयार होणं त्याने सहसा थांबत नाही. तिला आडोसा दिला, पाणी-जेवण दिलं, बाळ उघड्या छातीशी धरायला लावलं आणि वारंवार पाजू दिलं तर बहुतेकींचं परत सुरू होतं. आणि ते परत सुरू झालं की तिच्या चेहऱ्यावर जे येतं ना! सगळं गमावलेल्या बाईला आपल्या अंगात अजून काहीतरी शाबूत आहे हे कळतं.

डब्यांबद्दल: सरसकट दूध पावडर पाठवू नका असंच युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना सांगतात. स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळायला इंधन नाही, मग जुलाब, आणि त्यात बाळं जातात. ज्या बाळाला आई नाही किंवा जिला खरंच पाजता येत नाही त्यांच्यासाठी पावडर लागतेच, पण ती तिथल्या आरोग्य पथकाने तपासून, भांडी-पाण्यासकट द्यायची असते. दान करायचं तर पैसे द्या.

तुळस

हे माहीतच नव्हतं. मंडळाला सांगते.

मनस्विनी

दुधावरून आठवलं. १२ मे २०२०ला काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागातल्या प्रसूतिगृहावर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. २४ लोक मेले, त्यात १६ आया होत्या, काही तर प्रसूतिकक्षातच. त्यानंतर ज्या तान्ह्या बाळांच्या आया गेल्या त्यांना पाजायला शहरातल्या अनोळखी बायका रुग्णालयात आल्या. महिन्याभरात तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला तो विभाग बंद करावा लागला. मग त्या भागातल्या गरोदर बायकांनी कुठे जायचं? बाळंतपणाला दवाखान्यात जायचीच भीती बसली तर तो घाव फक्त त्या १६ जणींच्या घरांपुरता राहत नाही.

कायदा_वाचक

यावर कायदा आहे हो. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम १४ वाचा, गरोदर स्त्रिया आणि सात वर्षांखालच्या मुलांच्या आया यांच्यासाठी सुरक्षित क्षेत्रं आखता येतात. कलम १८ प्रमाणे प्रसूतीच्या बायका जिथे असतात त्या नागरी रुग्णालयांवर कोणत्याही परिस्थितीत हल्ला करता येत नाही. कलम २३ प्रमाणे मुलं, गरोदर आणि बाळंत बायकांसाठीचं आवश्यक अन्न, कपडे, शक्तिवर्धकं जाऊ द्यावी लागतात. कागदावर आहे सगळं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधल्या मारिउपोलच्या प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला तेव्हाही होतं.

सदू_पाटील

मग पाळत का नाहीत?

मृदगंधा

सदूभाऊ, तो प्रश्न रास्त आहे पण त्यावर गेलो तर धागा कुठल्या कुठे जाईल. वेगळा काढा ना, मी येते तिकडे.

दुर्गा_७७

इथे अजून एका बाईचा उल्लेख आला नाही. बोस्नियात, रवांडात, कांगोत ज्यांच्यावर युद्धाचं हत्यार म्हणून बलात्कार झाले आणि त्यातून मूल झालं. तिने त्या बाळाकडे बघायचं म्हणजे काय बघायचं? मी समुपदेशन करते, युद्धातलं नाही पण अत्याचारातून झालेल्या मुलांच्या आयांबरोबर काम केलंय. त्यांच्यावर मायेची सक्ती करू नये. एखादी म्हणते आज मला याचा चेहरा बघवत नाही, तर ते ऐकून घ्यावं, त्या दिवशी दुसऱ्या कोणी बाळाला घ्यावं, आणि तिला वाईट आई म्हणू नये. असं बोलायला जागा मिळाली की बऱ्याच जणी हळूहळू बाळाला त्या माणसापासून वेगळं बघायला लागतात. काही जणी नाही बघू शकत, आणि मूल दुसरीकडे वाढतं, तेही समजून घ्यायला हवं. गावाने, नात्यागोत्याने त्या मुलाला टाकलं तर मात्र दोघांचंही फार वाईट होतं.

अनघा_व

दुर्गाताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

वाटसरू

मूळ प्रश्नातला शेवटचा भाग राहिलाय असं वाटतं. काय करता येतं? प्रत्येक छावणीत मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार?

डॉ_कावेरी

आणायची गरजच नाही, हीच यातली सर्वात आशेची गोष्ट. डॉ. आतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात एक प्रयोग केला. तिथल्या गावोगाव फिरणाऱ्या आरोग्य सेविकांना, ज्या मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, नैराश्य असलेल्या गरोदर बायकांशी कसं बोलायचं याचं थोडं प्रशिक्षण दिलं. बाळाच्या तब्येतीच्या निमित्ताने घरी जायचं, मनात येणारे निराश विचार ओळखायला मदत करायची, घरच्यांना सोबत घ्यायचं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटात २३ टक्के बायकांना नैराश्य होतं, दुसऱ्या गटात, जिथे भेटी तेवढ्याच पण हे प्रशिक्षण नव्हतं, ५३ टक्के. २००८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरून 'थिंकिंग हेल्दी' नावाची पुस्तिका २०१५ मध्ये काढली, ती मोफत मिळते. ते युद्धक्षेत्र नव्हतं हे मान्य, पण तज्ज्ञ नसताना काय होऊ शकतं ते यातून दिसतं.

आणि इनक्युबेटर बंद पडले, वीज गेली तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायची कांगारू पद्धत आहेच, १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात उपकरणं कमी पडत होती म्हणूनच ती सुरू झाली. बाळ जगतं आणि आईचंही मन सावरायला मदत होते.

मृदगंधा

सगळ्यांचे खूप आभार. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की बाळाला घटना आठवणार नाही पण आईची अवस्था त्याच्या अंगात उतरते, म्हणून आईला मदत म्हणजेच बाळाला मदत. काका फोन करून रेवाचा प्रतिसाद वाचून दाखव म्हणाले. वाचला. पलीकडून काकू विचारत होत्या, ते बाळ आता कसं आहे?

रेवा_

मी निघाले तेव्हा ते रांगायला लागलं होतं आणि वजनकाट्याला बघून भोकाड पसरायचं. सगळे खूश व्हायचो त्याचं रडणं ऐकून :)

इतिहासप्रेमी

बापांबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही. ते पण तिथे असतात की, निदान काही जण.

रेवा_

असतात, आणि फार एकटे असतात. घर सांभाळता आलं नाही, काम नाही, रांगेत उभं राहून धान्य आणायचं, याची लाज त्यांना आतून खाते, मग काही चिडके होतात, हात उचलतात, आणि ते परत आई-बाळावरच येतं. आमच्याकडे पुरुषांच्या बैठकी उशिरा सुरू झाल्या, आधीपासून हव्या होत्या. बाळाला झोपवायचं काम बापाकडे दिलं तर बरेच जण मनापासून करायचे.

तुळस

माझी भाची एका मदत पथकाबरोबर जाणार आहे, तिला हा धागा पाठवलाय. तिचा प्रश्न: भाषा येत नसेल तर बायकांशी बोलायचं कसं? दुभाष्या म्हणून नवऱ्याला किंवा मोठ्या मुलाला घेतलं तर चालतं का?

रेवा_

अजिबात नाही. बाईच दुभाषी हवी, आणि शक्यतो त्याच वस्तीच्या बाहेरची, नाहीतर बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळीकडे होतं. नवरा, सासू, मूल यांना मध्ये घेतलं तर ती फक्त "बरी आहे" एवढंच सांगेल. दहा वर्षांच्या मुलीला आईवर काय झालं ते भाषांतर करायला लावलेलं मी पाहिलंय, तसं कधीच करू नका. दुभाषी मिळेपर्यंत मनातलं खोदून विचारू नका, शेवटचं कधी झोपलीस, कधी जेवलीस एवढंच खुणेने विचारा, आणि तिची परवानगी घेऊन बाळाला थोडा वेळ धरा.

तुळस

सांगते तिला. तिचे अजून प्रश्न असतील तर इथेच विचारते.